भोंगामामांचा कान

ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी पाहुण्या बाईंनी आम्हाला जोड्या करून बसवलं आणि सांगितलं, एकमेकांना एक वाईट आठवण सांगा. पण फार वाईट नको. दहापैकी तीन गुणांची असू द्या. बस चुकली, छत्री हरवली, असलं काहीतरी. हा नुसता सराव आहे.

आम्ही बारा जण होतो. सरकारी दवाखान्यातल्या आम्ही चार नर्स, तीन मास्तर, बाकीचे समाजसेवा करणारे. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. दीड वर्षापूर्वी गिरणीचा बॉयलर फुटून एकतीस माणसं गेली होती. ज्या घरातलं किंवा ज्याच्या शेजारचं कोणी गेलं नाही, असा माणूस गावात दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. माझ्या जोडीला गणिताचे मास्तर आले होते. बराच वेळ डोकं खाजवून ते म्हणाले, "सिस्टर, मला तीनची सापडतच नाही हो. नऊची चालेल का?" मी फिस्सकन हसले. तेही हसले आणि हसता हसता रडायला लागले. मग माझी पाळी आली तेव्हा मी बस चुकल्याची एक गोष्ट सरळ बनवून सांगितली. बॉयलर फुटला त्या दिवशी कॅज्युअल्टीत ड्यूटीवर मीच होते, ते सांगितलंच नाही.

पाहुण्या बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी सगळं खापर त्यांच्यावर फोडेल आणि मोकळं होईल. त्या लांबच्या देशातून स्वखुशीने आल्या होत्या. आमचा संडास बघूनही त्यांनी नाक मुरडलं नाही. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या आणि शेजारी बसलेली दुभाषी मुलगी ते आमच्या भाषेत सांगायची. दहा दिवस शिकवणार, मग परत जाणार, आणि सहा महिने दर शुक्रवारी कॉम्प्युटरच्या पडद्यावरून आमच्या केसेस ऐकणार, असा बेत होता. आमच्या मेट्रनने याला उंटावरून शेळ्या हाकणं असं नाव दिलं होतं.

धसका घेतलेल्या माणसांवरचा हा उपचार समजायला सोपा होता. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पायरी पायरीने जायचं. प्रत्येक पायरीवर रुग्णाला विचारायचं, शून्य ते शंभरमध्ये भीती किती? मग तिथेच बसायचं. पाय जमिनीला टेकवायचे, आजूबाजूच्या पाच वस्तू मोजायच्या, मनाशी म्हणायचं की ते तेव्हा होतं, हे आत्ता आहे. भीती निम्म्यावर येईपर्यंत उठायचं नाही. पळालं की भीती खाऊनपिऊन लठ्ठ होते आणि बसून राहिलं की उपाशी मरते, असं बाई सांगायच्या. हिरव्या कव्हरचं एक पुस्तक आम्हाला दिलं होतं. त्याच्या पहिल्या पानावर, उपचार सुरू करण्याआधी भरायचे चार प्रश्न होते. पहिला प्रश्न, धोका टळला आहे का? पुढे एक चौकोन.

मी वर्गात पहिली आले. खोटा विनय कशाला करू, मला त्याचा गर्व झाला. वीस वर्षं इंजेक्शनं टोचून आणि पट्ट्या बांधून झाल्यावर, मला कोणीतरी खुर्चीवर बसवून एक नवं काम शिकवलं होतं आणि ते मला जमत होतं. बाई सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटायच्या आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचे.

माझ्या वाट्याला पहिली केस आली भोंगामामांची.

हे नाव त्यांना अख्ख्या गावाने दिलेलं. सव्वीस वर्षं ते गिरणीच्या बॉयलरवर होते आणि पाळी बदलताना भोंगा वाजवायचं काम त्यांचंच होतं. लोक घड्याळ लावायचे ते मामांच्या भोंग्यावर. बॉयलर फुटला त्या सकाळी त्यांनी आवाजावरून ओळखलं होतं. सुपरवायझरला सांगितलं, पाणी कमी पडतंय, बॉयलर कोरडा बोलतोय. सुपरवायझर म्हणाला, काटा बरोबर दाखवतोय, तुम्ही तुमचं काम करा. मग मामा रंगखात्यातून ओरडत पळाले, "निघा, निघा!" चाळीस माणसं त्यांच्यामागे पळाली, ती वाचली. काही जण मागे राहून हसत होते. मामांच्या कानात ते हसणं बसलं होतं.

दवाखान्यात आले तेव्हा ते हाडाचा सापळा झाले होते. घरात कुकर लावता यायचा नाही. चहाच्या भांड्याने जरा सूं केलं की मामा अनवाणी रस्त्यावर. मामी बिचारी सगळं उघड्या भांड्यात शिजवायची आणि भांड्याजवळ पहारा देत उभी राहायची. त्यात राहायची खोली गिरणीच्या वसाहतीतली. गिरणीने कळवलं होतं की सहा महिन्यांत मामा कामावर रुजू झाले तर त्यांना रंगखात्यात हलकं काम देऊ, नाहीतर खोली सोडा. दोन मुली लग्नाच्या आणि जायला दुसरीकडे घर नाही. मामी माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, यांना फक्त गिरणीत बसता येईल इतकं करा. मी दुसरं काही मागत नाही."

चहाच्या भांड्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी शंभर म्हणाले. पाऊण तास बसलो, पंचेचाळीसवर आले. तिसऱ्या आठवड्यात कुकर. मी आणि मामी दोन्ही बाजूंनी बसलो होतो, मामा दोन्ही हातांनी खुर्ची धरून. शिट्टी झाली आणि ते जागचे हलले नाहीत. मामीने तोंडावर हात ठेवला आणि ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन रडली. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी जाताना मी रस्त्याने एकटीच बडबडत होते.

पण गिरणीची पायरी आली आणि मामा अडून बसले.

"सिस्टर, एक सांगू? कुकरची भीती खोटी होती, ते मला पटलं. गिरणीची खोटी नाही."

"म्हणजे?"

"त्यांनी नवा बॉयलर आणलाच नाही. बाजूचा जुना होता ना, बंद पडलेला, तोच डागडुजी करून चालवतायत. मी फाटकापर्यंत जाऊन आलो. बाहेरूनच कळतं. तो धडपणे बोलत नाही."

"मामा, फाटकापासून बॉयलर केवढा लांब."

"सव्वीस वर्षं तेच ऐकलंय मी. तुम्हाला नाडी धरून ताप कळतो ना? तसंच आहे हे."

मी वहीत काय लिहिलं ते मला पाठ आहे. टाळाटाळ करत आहे. भीतीसाठी कारणं शोधत आहे. शुक्रवारी पडद्यावर बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, हे नेहमीचंच आहे, भीती जाताना शहाणपणाचा आव आणते, तुम्ही प्रेमाने पण ठाम राहा. मग त्यांनी विचारलं, तिथला धोका टळलाय याची खात्री केली आहे ना? मी म्हटलं, करते.

खात्री मी अशी केली. मामांना घेऊन गिरणीत गेले. मॅनेजरने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. बॉयलरला नुकताच चंदेरी रंग दिला होता आणि बॉयलरच्या खोलीच्या दाराजवळ भिंतीवर, काचेच्या चौकटीत, तपासणीचं सर्टिफिकेट लावलं होतं. शिक्का, सही, तारीख सगळं जागच्या जागी. मॅनेजर म्हणाला, "सिस्टर, एकदा ठेच लागल्यावर आम्ही पुन्हा हलगर्जीपणा करू का? डोळ्यांत तेल घालून लक्ष असतं." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. तिथेच उभ्या उभ्या मी हिरवं पुस्तक उघडलं आणि पहिल्या चौकोनात खूण केली.

मामा चौकटीजवळ जाऊन वाचत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "ही सही करणाऱ्याने याला कान लावला होता का हो?"

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही परत पळायला लागलात."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. शाळेत मार खाल्लेलं पोर जसं मुकाट्याने बाकावर जाऊन बसतं, तसे ते रंगखात्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. मी विचारलं, किती? म्हणाले, पंच्याण्णव. मी शेजारी उभी राहिले. रंगाच्या हौदांतून वाफ येत होती, पलीकडच्या भिंतीमागे बॉयलर घरघरत होता. "नुसता आवाज आहे मामा. आवाजाने कोणी मरत नाही. पाय टेकवा." दीड तासाने ते चाळीसवर आले. घामाने सगळा शर्ट भिजला होता.

मग मामा रोज जाऊन बसायला लागले. आधी तासभर, मग अर्धी पाळी, मग पूर्ण पाळी. रंगखात्यातल्या लोकांना त्यांचं भारी अप्रूप. मागच्या वेळी यांच्यामुळेच वाचलो म्हणून बाया त्यांच्यासाठी स्टूल पुसून ठेवायच्या. मामा आले की सगळ्यांना धीर यायचा. दोन महिन्यांनी एक दिवस ते माझ्यासमोर बसले होते आणि मी विचारलं, बॉयलरचा आवाज कसा वाटतो आता? थोडा विचार करून म्हणाले, "आता सगळे आवाज सारखेच वाटतात."

मी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या होत्या. भीतीचा त्रास मोजायच्या प्रश्नावलीवर त्यांचे गुण अठ्ठावन्नवरून नऊवर आले होते. बाईंनी ती केस दुसऱ्या गावांतल्या लोकांना दाखवली. मला म्हणाल्या, पुढच्या तुकडीला तुम्हीच शिकवायचं. खोली राहिली, मामीने घरी बोलावून मला जेवू घातलं आणि कुकरची शिट्टी मुद्दाम माझ्यासमोर केली.

तो मंगळवार होता. दुपारचे सव्वादोन झाले असतील. मी बाळांची वजनं घेत होते. एका बाळाला काट्यावर ठेवलं आणि खिडकीच्या काचा थडथडल्या. त्याची आई म्हणाली, "काय झालं?" मला विचारायची गरज नव्हती. बाळ तिच्या हातात दिलं आणि मी कॅज्युअल्टीकडे पळाले.

चौदा जण गेले. बॉयलर आणि रंगखातं यांच्यामधली भिंत हौदांच्या मधल्या रांगेवर पडली. मामा दाराकडच्या स्टुलावर होते, त्यांच्या हाताला भाजलं आणि डोक्याला खोक पडली. त्यांना कोणीतरी कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा मी बघितलं, पण त्यांच्यापर्यंत जायला मला जमलं नाही. माझ्यासमोर दुसरे होते, जास्त भाजलेले.

संध्याकाळी मी एका बाईच्या दंडाला मलम लावत होते. रंगखात्यातलीच, तिशीतली. ती वेदनेने कण्हत नव्हती, नुसती बोलत होती. भाजलेली माणसं कधी कधी अशी बोलतच सुटतात.

"आवाज बदलला होता सिस्टर. जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच. आम्हालासुद्धा जरा वेगळा वाटला. पण आम्हाला त्यातलं काय कळतंय? आम्ही मामांकडे बघितलं."

मी बोटावर आणखी मलम घेतलं.

"मागच्या वेळी ते पळाले म्हणून आम्ही पळालो होतो ना. म्हणून आमचं ठरलेलं असायचं, कोणी बोललं नाही तरी. मामा उठले तर उठायचं. मामा बसूनच होते. पाय असे टेकवून, शांत. काहीतरी मोजत होते. माझ्या जावेने विचारलं, मामा, निघू या का? तर म्हणाले, नुसता आवाज आहे गं, आवाजाने कोणी मरत नाही."

"मग?"

"मग आम्ही कामाला लागलो."

तिची जाऊ मधल्या रांगेत होती. हे सगळं तिने मला कसलाही राग न ठेवता सांगितलं. ती वाक्यं कुणाची हे तिला ठाऊक नव्हतं. मी तिच्या दंडाला पट्टी बांधली, नीट बांधली, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

शुक्रवारी बाई पडद्यावर आल्या. त्यांना कळलं होतं. त्या रडत होत्या, दुभाषी मुलगीही रडत होती, त्यामुळे बराच वेळ नुसतंच रडणं ऐकू येत होतं आणि त्याचं भाषांतर करायचं काही कारण नव्हतं. मग बाईंनी हळूच विचारलं की पहिल्या पानावरचा पहिला चौकोन आपण कशावरून भरला होता. त्या 'आपण' म्हणाल्या, 'तुम्ही' म्हणाल्या नाहीत. मी सांगितलं, भिंतीवरच्या कागदावरून. त्यांच्या देशात भिंतीवरच्या कागदाला काही अर्थ असेल. इथे तो कसा मिळतो हे त्यांना ठाऊक नसणार. पण मला ठाऊक होतं. जन्म काढलाय मी इथे. दवाखान्यातल्या लिफ्टलाही असाच कागद आहे आणि मी त्या लिफ्टमध्ये कधी पाय ठेवत नाही. तरी मी खूण केली, कारण मामांचे गुण मला नऊवर आणायचे होते. एवढं सगळं त्या दुभाषी मुलीला सांगायची मला ताकद नव्हती. मी कॉम्प्युटर बंद केला.

अकराव्या दिवशी मी मामांकडे गेले. त्याआधी दोनदा वसाहतीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरले होते. ते बाहेर पायरीवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. मला बघून उठायला लागले. मी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि शेजारी बसले.

"मला ऐकू आलं होतं सिस्टर," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

"कोरडा बोलायला लागला होता. अगदी तसाच, मागच्यासारखा. छातीत धस्स झालं. पंच्याण्णव होती. म्हटलं, नाही, हे तेव्हाचं आहे. पाय टेकवले. हौद मोजले, बादल्या मोजल्या. नव्वद झाली. मग पंच्याऐंशी. उतरत होती हो, खरंच उतरत होती. ती पोरगी विचारायला आली तेव्हा सत्तरवर होती. साठवर आली, आणि तेवढ्यात..." त्यांनी गळ्यातला हात सावरला. "तुम्ही शिकवलं तसंच केलं ना मी? काही चुकलं का माझं?"

"नाही मामा. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. तुम्ही मला सांगत होतात, मी ऐकलं नाही. ती भीती नव्हती, तुमचा कान होता तो. मी तोच बंद केला."

वाटेत मी हे शंभर वेळा घोकलं होतं. वाटलं होतं, हे बोलले की ते ओरडतील, शिव्या देतील, आणि मग माझ्या छातीवरचं थोडं तरी उतरेल. पण त्यांनी ते जणू ऐकलंच नाही.

"तोंडातून माझ्या गेलं ते," मामा म्हणाले. "ती पोरगी माझ्यावर विसंबून होती. तिला मी परत पाठवलं."

मी त्यांच्या गळ्यातल्या पट्टीची सैल झालेली गाठ पुन्हा बांधली.

आतून मामी आली. तिच्या हातात गिरणीचं पत्र होतं. तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही, डोळे सुजलेले होते, पण आवाज अगदी कामाचा होता. "सिस्टर, बरं झालं आलात. चार महिन्यांत गिरणी पुन्हा सुरू करतायत. जो येणार नाही त्याची खोली काढून घेणार, पत्रात लिहिलंय. आता हे परत झोपत नाहीत, जेवत नाहीत, आज सकाळी चहाचं भांडंसुद्धा ठेवू दिलं नाही. तुमचं ते पहिल्यापासून परत सुरू करा ना. मागच्या वेळी तीन महिन्यांत बरे झाले होते."

ती बोलत होती ते खोटं नव्हतं. झाले होते बरे.

मी मामांकडे बघितलं. त्यांनी बरा असलेला हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं, घट्ट, दुखेल इतकं.

"सिस्टर," ते म्हणाले, "मला बरं करू नका."

मामी पत्र हातात धरून माझ्या उत्तरासाठी तशीच दारात उभी राहिली.